सर अलेक्झांडर फ्लेमिंग आणि त्यांची बुरशी

पावसाळ्याच्या दिवसांत टोपलीच्या तळाशीं एखादें लिंबू विसरून राहिलें, तर चार-आठ दिवसांनीं त्याच्यावर प्रथम पांढरट व मागून हिरवट-निळी अशी भुकटी चढलेली दिसते. घरांतील वडील माणसें तें लिंबू दोन बोटांनीं उचलून उकिरड्यावर टाकतात व हात धुतात. आणि तें योग्यच आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा प्रकार पाहिला असेल, पण त्या भुकटीकडे दोन मिनिटें थांबून कोणीं पाहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं स्वतःहि पाहिलें नव्हतें. ह्याच भुकटीच्या कुळांतील एका बुरशीपाशीं जो मनुष्य थांबला, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग ह्याचा जन्म ता. ६ ऑगस्ट १८८१ रोजीं स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यांत, डार्व्हेल गांवाजवळील लॉकफील्ड नांवाच्या शेतवाडीवर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे शेतकरी. त्यांच्या दोन विवाहांचीं मिळून आठ मुलें होतीं, त्यांत अलेक्झांडर सातवा. तो सात वर्षांचा असतांनाच वडील वारले, आणि आईनें व थोरल्या सावत्र भावानें शेत व मेंढरें सांभाळून घर चालविलें. शाळेस जावयाचें म्हणजे माळरानांतून पायपीट. वाटेंत पक्ष्यांचीं घरटीं हुडकावयाचीं, ओढ्यांतले मासे नुसत्या हातांनीं धरावयाचे. मासा हातानें धरणें हें ज्यांनीं करून पाहिलें असेल, त्यांस त्यांत किती स्तब्धता व किती बारीक नजर लागते तें सांगावयास नकोच.

तेराव्या-चौदाव्या वर्षीं तो लंडनला आपल्या डॉक्टर भावाकडे गेला, थोडें शिकला, व एका जहाज-कचेरींत कारकुनीस लागला. चार वर्षें तेथें खातीं लिहिण्यांत गेलीं. कदाचित् सारा जन्म त्याच कामांत गेला असता. परंतु १९०१ सालीं एका चुलत्याच्या मृत्युपत्रान्वयें त्यास अडीचशें पौंड मिळाले. हे पैसे वैद्यकीच्या शिक्षणास लावावे अशी सल्ला भावानें दिली व ती त्यानें मानिली. लंडनमध्यें त्या वेळीं वैद्यकाचीं बारा विद्यालयें होतीं. त्यांतून त्यानें पॅडिंग्टन येथील सेंट मेरीज हें निवडलें, तें त्याच्या कीर्तीस भुलून नव्हे, तर पूर्वीं एकदां त्या विद्यालयाच्या संघाशीं तो पाण्यांतील पोलोचा सामना खेळला होता एवढ्याच कारणानें! पुढें १९०६ सालीं पदवी मिळाल्यावर तेथेंच त्यास सर आल्मरॉथ राइट ह्यांच्या लसीकरण-विभागांत जागा मिळाली. तिच्या मागेंहि एक गंमत होती. तो नेमबाजींत निष्णात असल्यामुळें विद्यालयाच्या बंदूक-संघास तो सोडून जाऊं नये असें वाटत होतें! मुलांनीं खेळांत वेळ घालवूं नये असें म्हणणाऱ्या पालकांस ह्या दोन गोष्टी सांगून ठेवण्यास आमची हरकत नाहीं. मात्र मुलांनीं त्यांचा भलताच उपयोग करूं नये.

पहिल्या महायुद्धांत फ्लेमिंग फ्रान्समध्यें बुलोन येथें सैन्याच्या प्रयोगशाळेंत होते. तेथें त्यांनीं जें पाहिलें त्याचा ठसा त्यांच्या मनावरून जन्मभर गेला नाहीं. सैनिक गोळीनें मरत त्याहून भिन्न असें एक मरण तेथें होतें. गोळी निघे, रक्त थांबे, आणि मग जखम कुजून विष अंगांत भिने. वैद्य त्या जखमांत जहाल जंतुनाशक औषधें ओतीत. फ्लेमिंग ह्यांनीं कांचेच्या नळीस जखमेसारखे कंगोरे काढून प्रयोग केला व दाखविलें, कीं हीं औषधें कोनाकोपऱ्यांतल्या जंतूंपर्यंत पोहोंचतच नाहींत. उलट, जंतूंशीं झुंजणाऱ्या शरीराच्या पांढऱ्या रक्तपेशींस मात्र तीं मारून टाकतात. शिपायास वांचविण्यासाठीं त्याच्याच पहारेकऱ्यांवर विष ओतण्यासारखा हा प्रकार. तेव्हांपासून, जंतूंस मारील पण मनुष्याच्या पेशींस धक्का लावणार नाहीं असें कांहीं सृष्टींत आहे काय, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

त्याचें अर्धें उत्तर त्यांस त्यांच्या स्वतःच्या पडशांत सांपडलें! १९२१ च्या हिवाळ्यांत नाकांतील शेंबडाचा थेंब त्यांनीं जंतु वाढविण्याच्या बशींत टाकून ठेविला, आणि कांहीं दिवसांनीं त्या थेंबाच्या आसपासचे पिवळे जंतु विरघळून गेलेले दिसले. तो गुण अश्रूंत आहे, लाळेंत आहे, अंड्याच्या पांढऱ्या बलकांत तर पुष्कळच आहे, असें पुढें आढळलें. मग विभागांतील पोरांच्या व पाहुण्यांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळून, त्यांचे अश्रु गोळा करण्याचा सपाटा सुरू झाला. पोरांस त्याबद्दल कांहीं पैसेहि मिळत. ह्या द्रव्यास लायसोझाइम असें नांव दिलें गेलें. दुर्दैव इतकेंच, कीं मनुष्यास खरोखर घातक असलेल्या बहुतेक जंतूंवर त्याचा इलाज चालत नव्हता. तरी बशींत एकादी जागा रिकामी दिसली, तर ती रिकामी कां, असें विचारण्याची संवय त्यांच्या डोळ्यांस लागली ती येथें. ह्या गृहस्थांस आणखी एक छंद होता. निरनिराळ्या रंगांचे जंतु कागदावर पेरून, त्यांच्या वाढीनें घरें, नर्तकी, निशाणें अशीं चित्रें ते उठवीत. आपल्याकडे मुली रांगोळी काढतात तसें कांहीं. राइटसाहेबांच्या विभागांत ह्या चाळ्यांचें फारसें कौतुक नव्हतें म्हणतात. परंतु कोणता जंतु कोठें कसा रंग घेईल हें ज्यास पाठ, त्यास बशींतला बेरंग लगेच डोळ्यांत खुपणारच.

आतां आम्ही १९२८ सालाकडे येतों. जुलैच्या अखेरीस फ्लेमिंग सहकुटुंब सफोक परगण्यांत सुटीसाठीं गेले. जातांना त्यांनीं आपल्या मेजावर स्टॅफिलोकोकस ह्या, गळवें व विषारी जखमा उत्पन्न करणाऱ्या जंतूंच्या बशा एका बाजूस रचून ठेविल्या. नीटनेटकेपणाविषयीं त्यांची ख्याति मुळींच नव्हती. ता. ३ सप्टेंबरला परत आल्यावर त्यांनीं त्या बशा एकेक पाहून धुवावयाच्या पात्रांत टाकावयास आरंभ केला. इतक्यांत प्राइस नांवाचा त्यांचा पूर्वींचा सहकारी भेटावयास आला. त्यास काम दाखविण्याकरितां फ्लेमिंग ह्यांनीं टाकून दिलेल्या ढिगांतल्या वरच्या कांहीं बशा, ज्या औषधी पाण्यांत अद्याप बुडल्या नव्हत्या त्या, पुन्हां उचलल्या. त्यांतल्या एकींत कडेला बुरशीचा एक ठिपका वाढला होता, आणि त्याच्या भोंवतालचे जंतु पारदर्शक होऊन नाहींसे झाले होते. दूरचे मात्र जसेच्या तसे होते. एकदां टाकलेली बशी दुसऱ्यानें पाहुणा म्हणून येण्यानें पुन्हां हातीं आली, ही गोष्ट आम्हांस ह्या सर्व चरित्रांत सर्वांत विलक्षण वाटते.

पण योगायोग एवढ्यावरच संपला नव्हता. पुढें इतरांनीं, आणि खुद्द फ्लेमिंग ह्यांनींहि, तसाच प्रयोग मुद्दाम करून पाहिला, तेव्हां तो साधेना. पूर्ण वाढलेल्या जंतूंच्या शेजारीं बुरशी ठेविली तर जंतूंस कांहींच होईना. ह्याचा उलगडा त्यांच्याच विभागांत काम केलेल्या रोनल्ड हेअर ह्या शास्त्रज्ञानें बऱ्याच वर्षांनीं केला. ही बुरशी वाढणाऱ्या जंतूंसच मारते. वाढून स्वस्थ बसलेल्यांस नाहीं. तेव्हां बशींत बुरशी आधीं व जंतु मागून वाढले असले पाहिजेत. बुरशीस गारवा मानवतो, जंतूंस ऊब लागते. हेअरनें लंडनच्या हवामानाचे जुने दाखले काढून पाहिले, तों जुलैच्या शेवटास व ऑगस्टच्या आरंभास तेथें ऐन उन्हाळ्यांत थंडी पडली होती, आणि मग पुन्हां उकाडा झाला होता. म्हणजे थंडींत बुरशी वाढली, उकाड्यांत जंतु वाढूं लागले, आणि वाढतां वाढतां मेले. बुरशीचें बीजुक कोठून आलें? खिडकींतून आलें अशी दंतकथा आहे; परंतु खालच्या मजल्यावर ला टूश नांवाचे बुरशीतज्ज्ञ काम करीत असत, त्यांच्या खोलींतून जिन्यानें वर आलें असणें अधिक संभवनीय मानतात.

बुरशी असें कां करते, हें विद्यार्थ्यांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बुरशीस तोंड नाहीं व पोटहि नाहीं. ती आपल्या सूक्ष्म तंतूंतून पाचकरस बाहेर टाकते, अन्न बाहेरच पचविते, व मग तें शोषून घेते. म्हणजे तिचें ताट नेहमीं उघडें. आणि शेजारचे जंतु त्यांत हात घालावयास टपलेले. जोंवर अन्न मुबलक आहे, तोंवर ती केवळ वाढते. अन्न सरत आलें, वाढ मंदावली, कीं तिच्या अंगांत दुसरींच कामें सुरू होतात, आणि जगण्यास व वाढण्यास ज्यांची थेट गरज नाहीं असे पदार्थ ती बनवूं लागते. शास्त्रज्ञ त्यांस दुय्यम पदार्थ म्हणतात. नांव दुय्यम, पण करणी मोठी! पेनिसिलीन हें त्यांपैकीं एक. तीन अमिनो आम्लें घेऊन बुरशींतील एक विकर त्यांची माळ ओंवतें. दुसरें विकर त्या माळेस मुरड घालून चार अणूंचें एक ताणलेलें कडें तयार करतें. तिसरें तिच्या टोंकाचा तुकडा बदलून टाकतें. ह्या तिन्ही कामांच्या आज्ञा बुरशीच्या गुणसूत्रावर शेजारीं शेजारींच लिहिलेल्या असतात. जंतु वाढत असतां आपल्या भोंवतीं जी कणखर भिंत बांधतो, तिचे थर एकमेकांस सांधणारा गवंडी म्हणजे त्याचें एक विकर. पेनिसिलीनचें तें कडें ह्या गवंड्याच्या हातांस चिकटून बसतें. सांधे अर्धवट राहतात, आणि वाढणारा जंतु आंतल्या दाबानें फुटतो. मनुष्याच्या पेशींस अशी भिंतच नसते. म्हणून मनुष्यास इजा नाहीं. बुलोनच्या त्या प्रश्नाचें उत्तर हें होतें.

मात्र बुरशी मनुष्याचें कल्याण करावयास बसली आहे असें कोणीं समजूं नये. त्याच रीतीनें, त्याच मंदावलेल्या वाढीच्या काळांत, दुसऱ्या बुरशा भयंकर विषें बनवितात. दमट जागीं सांठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर वाढणारी पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन बनविते. १९६० सालीं इंग्लंडमध्यें लाखाच्या वर टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हां भुईमुगाच्या पेंडींत तें प्रथम सांपडलें. आणि १९७४ सालीं गुजराथ-राजस्थानच्या सीमेवरील खेड्यांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. राय नांवाच्या धान्यावरील अरगट ह्या बुरशीनें मध्ययुगांत युरोपांतील गांवेंच्या गांवें हातापायांच्या आगीनें व झटक्यांनीं हैराण केलीं. म्हणून बुरसलेले दाणे फेंकून द्यावे, पाखडून व भाजून खाऊं नयेत. भाजण्यानें तें विष पुरतें जात नाहीं. माता-भगिनींनीं हें वाक्य अवश्य लक्षांत ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे.

फ्लेमिंग ह्यांनीं आपली बुरशी मांसाच्या रस्स्यांत वाढविली. तो रस आठशें पट पाण्यांत मिसळला तरी जंतूंची वाढ रोखी, आणि पांढऱ्या रक्तपेशींस व प्रयोगांतील प्राण्यांस त्यापासून बाधा होत नसे. ता. ७ मार्च १९२९ रोजीं त्यांनीं त्यास पेनिसिलीन हें नांव दिलें, व त्याच सालच्या जून महिन्यांत निबंध प्रसिद्ध केला. आणि मग? मग जवळजवळ अकरा वर्षें कांहींच घडलें नाहीं. त्यांच्या दोन साहाय्यकांनीं रस शुद्ध करण्याची खटपट केली, पण आटवितां आटवितां त्याचा गुण निघून जाई. १९३२ सालीं रेस्ट्रिक नांवाच्या, बुरशींच्या रसायनांत वाकबगार असलेल्या पंडितासहि तें साधलें नाहीं. फ्लेमिंग स्वतः रसायनशास्त्री नव्हते, बोलके नव्हते, आणि त्यांच्या विभागाचा सारा विश्वास लसींवर होता. त्यांच्या निबंधाच्या मथळ्यांत सुद्धां, प्रयोगशाळेंत एका विशिष्ट जंतूस वेगळा काढण्याच्या कामीं ह्या रसाचा उपयोग, असाच उल्लेख आहे.

येथें आमचें मत स्पष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. चरित्रकार बहुधा ह्या अकरा वर्षांवरून अलगद उडी मारतात. ह्या अवधींत साध्या खरचटण्यानें, बाळंतपणाच्या तापानें, न्यूमोनियानें किती घरें उजाड झालीं असतील! निरोगी उंदरास पेनिसिलीन टोंचून तो मरत नाहीं, हें फ्लेमिंग ह्यांनीं पाहिलें. रोगी उंदरास टोंचून तो वांचतो कीं काय, हें मात्र पाहिलें नाहीं. तो एका दिवसाचा प्रयोग होता. हा रस हळू काम करतो व अंगांतून लवकर निघून जातो, म्हणून पोटांत घेण्याचें औषध म्हणून तो टिकणार नाहीं असें त्यांस वाटलें. ही त्यांची समजूत अगदींच निराधार नव्हती, पण ती चुकीची ठरली. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, व ती लहान नाहीं. त्यांनीं ती बुरशी मरूं दिली नाहीं. वर्षानुवर्षें ती नव्या बशींतून नव्या बशींत पेरली, आणि जो कोणी मागेल त्यास दिली.

असाच एक वांटा ऑक्सफर्ड येथील पॅथॉलॉजी-शाळेंत पूर्वींच पोहोंचला होता. तेथें १९३९ सालीं ऑस्ट्रेलियन हॉवर्ड फ्लोरी व हिटलरच्या जर्मनींतून आश्रयास आलेला एर्न्स्ट चेन ह्यांनीं हें काम उचललें, आणि नॉर्मन हीटली ह्या हुन्नरी तरुणानें रस न बिघडवितां तो गाळून काढण्याची युक्ति शोधिली. भांडीं मिळेनात म्हणून दवाखान्यांतील रोग्यांच्या मलपात्रांत बुरशी वाढवीत! ता. २५ मे १९४० रोजीं त्यांनीं आठ उंदरांस प्राणघातक जंतु टोंचले व त्यांतील चौघांस पेनिसिलीन दिलें. रात्र सरतां सरतां औषध न दिलेले चारहि मेले. इतर चौघे जिवंत होते. त्याच दिवसांत डंकर्कहून इंग्रज सैन्य माघार घेत होतें. शत्रु चालून आलाच तर सर्व नष्ट करून पळतां यावें व बीज तेवढें वांचावें, म्हणून ह्या मंडळींनीं आपल्या कोटांच्या अस्तरांस बुरशीचीं बीजुकें चोळून ठेविलीं होतीं. त्यांचा निबंध वाचून फ्लेमिंग आपली जुनी बुरशी काय म्हणते तें पाहावयास ऑक्सफर्डला गेले, तेव्हां चेन चकित झाला. ते केव्हांच वारले असावेत अशी त्याची समजूत होती!

१९४१ च्या फेब्रुवारींत एका पोलीस शिपायास हें औषध प्रथम उपचार म्हणून देण्यांत आलें. त्याच्या चेहऱ्यावरील जखमेचें विष सर्व अंगभर पसरून एक डोळा गेला होता. औषध देतांच ताप उतरला, भूक लागली. परंतु सगळा सांठा पांच दिवसांत संपला. त्याच्या मूत्रांतून उतरलेलें औषध पुन्हां गाळून त्यासच टोंचूं लागले. तरीहि पुरलें नाहीं, आणि ता. १५ मार्चला तो मरण पावला. एवढें औषध आणखी थोडें असतें तर! फ्लोरी व हीटली त्या उन्हाळ्यांत अमेरिकेस गेले. इलिनॉय प्रांतांतील पिओरिया गांवच्या सरकारी प्रयोगशाळेनें मक्याच्या सत्त्वाचें उरलेलें पाणी व दुधांतली साखर वापरून उत्पन्न अनेक पट वाढविलें. ही साखर बुरशीस सावकाश पचते. म्हणून तिची वाढ मंद राहते, आणि मंद वाढींतच ती पेनिसिलीन देते, हें वर सांगितलेंच आहे. १९४३ सालीं त्याच गांवच्या बाजारांतील एका बुरसलेल्या खरबुजावर पहिलीहूनहि उदार अशी बुरशी सांपडली. जगांतील पुढच्या बहुतेक पेनिसिलीनची ती आजी होय.

१९४२ सालीं फ्लेमिंग ह्यांच्या एका स्नेह्यास मेंदूच्या आवरणाचा दाह झाला व तो मरणाच्या दारीं पोहोंचला. फ्लोरींनीं आपल्याजवळील सारें पेनिसिलीन पाठविलें. फ्लेमिंग ह्यांनीं तें पाठीच्या कण्यांत टोंचलें व रोगी उठून बसला. लगेच वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, राइटसाहेबांनीं पत्र लिहून सारें श्रेय फ्लेमिंगच्या पदरीं घातलें, आणि बातमीदारांस टाळणारे फ्लोरी मागें राहिले. फ्लेमिंगच्या बापानें बुडणाऱ्या चर्चिलला वांचविलें, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्टहि अशाच गाजावाजाची आहे. ती साफ खोटी आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती निबंधांत लिहूं नये. १९४४ सालीं फ्लेमिंग ह्यांस सर ही पदवी मिळाली, व १९४५ चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन ह्या तिघांस मिळून देण्यांत आलें. हीटलीचें नांव त्यांत नव्हतें. त्यास ऑक्सफर्डनें वैद्यकांतील सन्माननीय पदवी दिली ती १९९० सालीं, तो वृद्ध झाल्यावर. फ्लेमिंग ह्यांच्यापुरतें बोलावयाचें तर, पेनिसिलीन सृष्टीनें बनविलें, आपणांस तें फक्त आढळलें, असें ते सभांतून पुनःपुन्हां सांगत. आणि स्टॉकहोम येथील व्याख्यानांत, औषध अपुरें घेतल्यास जंतु त्यास सरावतील, अशी सूचना त्यांनीं तेव्हांच देऊन ठेविली होती. ती पुढें अक्षरशः खरी झाली. कित्येक जंतूंनीं तें ताणलेलें कडेंच तोडणारें विकर कमावलें.

१९४९ सालीं त्यांची पत्नी वारली. १९५३ सालीं त्यांनीं अमालिया ह्या ग्रीक विदुषीशीं दुसरा विवाह केला, आणि ता. ११ मार्च १९५५ रोजीं लंडनमध्यें हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. सेंट पॉलच्या मंदिरांत त्यांच्या अस्थि ठेविल्या आहेत. त्याच १९५५ सालीं, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें पुण्याजवळ पिंपरी येथें उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत, मोठमोठ्या टाक्यांतून बुरशी वाढवून आपल्या देशांत पेनिसिलीन काढावयास सुरुवात झाली.